तारखेची पट्टी

आमच्या वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची पट्टी चिकटवलेली असते. पुस्तक घरी नेलं की तिच्यावर शिक्का पडतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही बाल-कुमार पुस्तकासाठी पहिल्यांदा पुरस्कार दिला. वर्षभराने वार्षिक मोजणी करताना ते पुरस्काराचं पुस्तक माझ्या हाती आलं, तेव्हा पट्टीवर दोनच तारखा होत्या. त्यातली एक माझी. दुसरी आमच्या समितीतल्या एका सदस्याची.

देवगड आणि मालवण यांच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावात आमचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सर्वांत लहान, सार्वजनिक ग्रंथालय आहे. दोन खोल्या, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मी इथे एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. मुंबईला नोकरीत असलेल्या आमच्याच वाडीतल्या एका चाकरमान्याने गणपतीत आलेला असताना आईच्या स्मरणार्थ ठेव दिली. ती माउली दुसरीपर्यंत शिकलेली, पण संध्याकाळी पडवीत बसून नातवंडांकडून पुस्तकं वाचून घ्यायची. ठेवीच्या व्याजातून दरवर्षी मुलांच्या एका मराठी पुस्तकाला पाच हजार रुपयांचा पुरस्कार द्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. बाकी सगळं आमच्यावर सोपवलं.

पहिल्या वर्षी आम्ही तीन मोठ्या माणसांनी निर्णय केला. मी, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि कणकवलीला कॉलेजात मराठी शिकवणारे एक प्राध्यापक. शंभर गुणांचा तक्ता केला: आशय पंचवीस, भाषा पंचवीस, संस्कारमूल्य पंचवीस, निर्मिती पंचवीस. तिघांची बेरीज केली, सर्वांत जास्त गुण पडलेलं पुस्तक निवडलं, शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. पुस्तक वाईट नव्हतं. आजही मी ते वाईट म्हणणार नाही. पण आमच्या दोन खोल्यांत रोज येणाऱ्या एकाही मुलाने ते नेलं नाही आणि आम्हाला हे कळायला वर्ष लागलं.

म्हणून दुसऱ्या वर्षी मुलांनाच परीक्षक करायचं असं मी समितीपुढे मांडलं. कल्पना माझी नव्हे. जर्मनीत १९५६पासून मुलांच्या पुस्तकांसाठी सरकारी पुरस्कार आहे आणि २००३पासून त्यात वाचक मंडळांतल्या मुलांचं स्वतंत्र परीक्षक मंडळ असतं, हे मी वाचलं होतं. मोठ्यांचं मंडळ मोठ्यांच्या जागी, मुलांचं मुलांच्या जागी. समितीत बरीच चर्चा झाली. शेवटी मुलं 'शिफारस' करतील आणि समिती 'निर्णय' घेईल, असा ठराव झाला. हा 'शिफारस' शब्द मी तेव्हा निमूट लिहून घेतला. पुढे तो मला फार जड गेला.

नियम लिहायला मी बसले तेव्हा समोर दोन नमुने ठेवले होते. एक राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांचा, दुसरा साहित्य अकादेमीच्या बाल साहित्य पुरस्काराचा. शासनाच्या नियमात पुस्तक त्या एका वर्षात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात, प्रसिद्ध झालेलं लागतं. पहिल्या वर्षी आम्ही तेच उचललं होतं आणि आमच्यासारख्या अनोळखी वाचनालयाकडे जेमतेम चार पुस्तकं आली होती. अकादेमीचा पुरस्कार २०१०पासून दिला जातो. त्यात पाच वर्षांतली पुस्तकं धरतात आणि अनुवाद धरत नाहीत. आम्ही पाच वर्षं घेतली. अनुवादाचा नियमही घेतला, पण मनाविरुद्ध. कारण आमच्या कपाटातल्या ज्या पुस्तकांच्या पट्ट्या भरून दुसरी पट्टी चिकटवावी लागली, त्यांतली निम्मी अनुवादित आहेत.

वयाचा मुद्दा आला तिथे मी अडले. शासनाच्या बालवाङ्मयाच्या यादीत कविता, नाटक, कादंबरी, कथा, सर्वसामान्य ज्ञान, संकीर्ण असे विभाग आहेत. कवितेचा पुरस्कार बालकवींच्या नावाने, नाटकाचा भा. रा. भागवतांच्या, कादंबरीचा साने गुरुजींच्या. म्हणजे विभागणी साहित्यप्रकाराची आहे, वयाची नाही. सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायची गोष्ट आणि पंधरा वर्षांच्या मुलीने दार लावून वाचायची गोष्ट एकाच रांगेत बसतात. अकादेमीच्या नियमात नऊ ते सोळा हे वय आहे, पण नऊ आणि सोळा यांच्यामध्ये केवढं अंतर असतं ते घरात दोन्ही वयांची मुलं असलेल्या माणसाला विचारावं. आमच्या वाचनालयात सातवीपर्यंत मुलं येतात, आठवीत गळतात. मी वर्षानुवर्षं मोबाइलला दोष देत आले. पण आठवीतल्या मुलाला मी हातात काय देते? एकीकडे ससा-कासव, दुसरीकडे मोठ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या, मध्ये कपाटाचा एक अर्धा कप्पा. म्हणून मी नियमात लिहिलं: वय वर्षे बारा ते सोळा. 'कुमार' हा शब्द मराठीत कधीचा आहे, त्याला आपला स्वतंत्र कप्पा मिळावा इतकंच.

प्रकाशकांना पत्रं गेली. पोस्टाने, एसटीच्या पार्सलने अशी अठरा पुस्तकं आली. दोन अनुवाद निघाले, एक जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती, एक तर सरळ अभ्यासाचं गाइड. राहिली चौदा. एका प्रकाशकाकडे माझे पाच फोन झाले, तरी तिथून पुस्तक आलं नाही. ते पुस्तक मी स्वतः वाचलेलं होतं आणि ते स्पर्धेत असावं असं मला मनापासून वाटत होतं. पण स्वतः विकत घेऊन स्पर्धेत घालणं मला बरोबर वाटलं नाही. लेखकाला आपलं पुस्तक कुठे गेलंच नाही हे कधी कळणारही नाही, याची रुखरुख अजून आहे.

मुलं निवडताना शाळेला मी एकच विनंती केली की पहिल्या बाकावरची सगळी पाठवू नका. नऊ मुलं आली, सातवी ते दहावीची. पाच मुली, चार मुलगे. त्यात नववीतला एक मुलगा असा होता की त्याच्या नावावर आमच्याकडे एकही पुस्तक कधी नोंदलेलं नव्हतं. वडील आणि काका ट्रॉलरवर. हा सुट्टीत रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जाणारा. त्याला का पाठवलं म्हणून विचारलं, तर वर्गशिक्षक म्हणाले, "बाई, हा वर्गात बोलतो तेव्हा सगळे ऐकतात."

आता खरी अडचण. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत. नऊ मुलं, चौदा पुस्तकं, म्हणजे एकशे सव्वीस वाचनं, आणि ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून गणपतीच्या आधी संपवायची. एका पुस्तकाला पाच दिवस दिले तर सत्तर दिवस होतात. मी वहीचं मधलं दुहेरी पान आडवं धरून तक्ता आखला: कोणतं पुस्तक कोणत्या तारखेला कुणाच्या घरी. कागदावर बसलं. पण आमच्याकडचा पाऊस कागद बघत नाही. पहिल्याच आठवड्यात खाडीपलीकडच्या वाडीतल्या दोघी तीन दिवस येऊ शकल्या नाहीत. मग पुस्तकं दुधाच्या गाडीवरून जाऊ लागली, किराणा दुकानात ठेवली जाऊ लागली. प्रत्येक पुस्तकाला दोन पिशव्या. तरी एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाला बुरशी धरली आणि एकाचे कोपरे फुगले. पावसाळ्यात मी कपाटात दिवा लावून ठेवते, त्याच्या उबेला ती पुस्तकं दोन-दोन रात्री उभी केली. पाच दिवसांचे कुठे आठ झाले, मध्येच घटक चाचणी आली. आजही मी सांगेन की मुलांना परीक्षक करायचं असेल तर किमान तीन प्रती मागून घ्या, नाहीतर विकत घ्या. एका प्रतीवर हे काम करवून घेणं म्हणजे मुलांच्या वाचनाला सारखा धक्का देणं आहे.

गुणांचा तक्ता मात्र मी काढून टाकला. प्रत्येकाला एक शंभर पानी वही दिली आणि तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या. पुस्तक सोडलंस तर कोणत्या पानावर सोडलंस? वाचून झाल्यावर कुणाला द्यावंसं वाटलं? आणि वाचताना कुठे खोटं वाटलं?

पहिल्या प्रश्नाने मला जे शिकवलं ते एकोणीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं नव्हतं. एक पुस्तक नऊपैकी पाच मुलांनी सोडलं होतं, आणि पाचही जणांनी विसाव्या ते चोविसाव्या पानांत. मी ती पानं काढून बघितली. तिथे आजी गोष्ट थांबवून नातीला पाण्याचं महत्त्व सांगू लागते. सातवीतल्या मुलीने लिहिलं होतं, 'ही आजी बोलता कमी नि शिकवता जास्त.' मला ते पान पहिल्यांदा वाचताना फार आवडलं होतं. आमच्या जुन्या तक्त्यात त्याला संस्कारमूल्याचे पंचवीसपैकी बावीस तरी मिळाले असते. दुसरा प्रश्नही बोलका निघाला. काही पुस्तकं सगळ्यांनी पूर्ण वाचली होती, छान आहे म्हटलं होतं, पण 'कुणाला द्यावंसं वाटलं' या जागी रेघ. आणि एक पुस्तक होतं, त्यापुढे नावंच नावं. भावाला, मावसबहिणीला, एकाने तर लिहिलं होतं 'बाबांना, पण सांगणार नाही'.

तिसऱ्या प्रश्नावर त्या दर्यावरच्या मुलाने कमाल केली. एक साहसकथा होती, कोकणच्या किनाऱ्यावर घडणारी. देखणी छपाई, पानोपानी चित्रं, मोठ्यांच्या मंडळात ती सहज पहिली आली असती. त्यातला नायक जुलैच्या ऐन पावसात ट्रॉलरवर चढून खोल समुद्रात जातो आणि तस्कर पकडतो. याने वहीत एकच ओळ लिहिली: 'जुलैत खंयचो ट्रॉलर भायर जाता? बंदी आसता.' बैठकीत त्याने ते उभं राहून सांगितलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात, आणि त्याच दोन महिन्यांत घरात पैशाची ओढाताण असते. "तेका दर्या म्हायत नाय," तो म्हणाला, "चित्रात पण होडयेक इंजिन भलतीकडेच." आधी त्या पुस्तकाच्या बाजूने असलेल्या तिघींनी त्याला प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, आणि ते पुस्तक मागे पडलं. कथा काल्पनिक असली तरी जिथे ती घडते तिथल्या मुलाने ती वाचताना हसावं हे लेखकाचं अपयश आहे. यात मला दुमत नाही.

आणि याच मुलाला मी मत देऊ दिलं नाही. नियमात मी लिहिलं होतं की चौदापैकी किमान आठ पुस्तकं पूर्ण वाचलेल्यालाच मत. त्याची सात झाली होती. आठवं अर्ध्यावर होतं, कारण ते आधीच्या घरी अडकलं होतं आणि त्याच्याकडे बैठकीच्या आदल्या दिवशी पोचलं. नियम मोडला तर बाकीच्यांवर अन्याय होईल असं मला त्या क्षणी वाटलं. तो काही बोलला नाही, भिंतीशी बसून राहिला. जन्मात पहिल्यांदा सात पुस्तकं वाचलेल्या मुलाला मी 'एक कमी पडलं' असं सांगितलं, हे मला आजही लागतं. त्या रात्री घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

आठ मुलांनी मतं दिली. पाच विरुद्ध तीन. निवडलेलं पुस्तक नावंच नावं असलेलं तेच. एक लहानशी कादंबरी, जेमतेम नव्वद पानांची, चित्रं नाहीत, कागद साधा. दहावीत नापास झालेला मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला लागतो. भांडी घासतो, मग भाजी चिरायला बसतो, मालकाच्या शिव्या खातो, चतुर्थीला घरी येतो तेव्हा धाकट्या बहिणीसाठी बूट आणतो. आणि सण संपल्यावर परत गोव्याला जातो. शाळेत परत जात नाही.

आमच्या तालुक्यातून किती मुलं सीमेवरचं बांदा ओलांडून गोव्याला कामाला जातात ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ती गोष्ट पुस्तकात आलेली मुलांनी पहिल्यांदा पाहिली होती.

समितीच्या बैठकीत 'शिफारस' हा शब्द आडवा आला. निवृत्त मुख्याध्यापकांनी पुस्तक आदल्या रात्री वाचून काढलं होतं. "पुस्तक चांगलं आहे," ते म्हणाले, "पण बाई, मी तीस वर्षं पोरांच्या घरोघर फिरलो, शाळा सोडू नका म्हणून पालकांच्या पाया पडलो. आणि आता शाळा सोडणाऱ्या मुलाच्या गोष्टीला आपण बक्षीस द्यायचं? शेवटी त्याला बाहेरून तरी परीक्षेला बसवायचं होतं." त्यांचं म्हणणं मी इथे मुद्दाम पूर्ण लिहिते आहे, कारण ते खोटं नव्हतं. गुरुजींनी परत शाळेत आणलेली मुलं आज तलाठी आहेत, नर्स आहेत. मी त्यांना वह्या वाचून दाखवल्या. दहावीतल्या उंच मुलाने शेवटाबद्दल लिहिलं होतं: 'माझो भाव थंयच आसा. तो खंय परत इलो? शेवट खरो आसा.' प्राध्यापक मुलांच्या बाजूने बोलले. दोन तास गेले. चहा दोनदा झाला.

गुरुजींना पटलं नाही. शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांनी इतिवृत्तात आपला विरोध कारणासह लिहायला लावला आणि त्याखालीच लिहिलं की मुलांची निवड मला मान्य आहे. सही केली. पुढच्या वर्षीच्या नियमांत 'शिफारस' हा शब्द खोडून 'निर्णय' करावा, अशी सूचना मात्र त्यांनीच मांडली. एकदा मुलांना न्याय करायला बसवलं की मग आपण वरचं कोर्ट व्हायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

समारंभ २४ डिसेंबरला झाला. साने गुरुजींचा जन्म १८९९ साली याच दिवशी आपल्या कोकणातल्या पालगडला झाला, म्हणून ती तारीख. लेखक आले, बोलले, मुलांनी प्रश्न विचारले. त्यातला एकच सांगते. सातवीतल्या मुलीने विचारलं, "बहिणीला बूट बसले का? पुस्तकात नाही लिहिलंय." लेखक बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मोठे झाले थोडे. पण तिने सांगितलं नाही."

त्यानंतरची गोष्ट मला पुरस्कारापेक्षा महत्त्वाची वाटते. पुरस्कार जाहीर झाल्यावर आमच्याकडे त्या पुस्तकाची मागणी आली, आणि प्रत एकच. तीही नऊ घरं फिरून खिळखिळी झालेली. अमेरिकेत १९२२पासून मुलांच्या पुस्तकाला न्यूबेरी पदक दिलं जातं, ते देते ग्रंथपालांची संघटना. तिथे पदक मिळालं की वाचनालयं त्या पुस्तकाच्या प्रती घेतात आणि पुस्तक वर्षानुवर्षं छापलं जात राहतं. आपल्याकडे लेखकाला शाल मिळते आणि पुस्तक संपतं. मी प्रकाशकाला फोन केला. गोदामात तेवीस प्रती शिल्लक होत्या, पुन्हा छापायचा विचार नव्हता. किंमत एकशे साठ, वाचनालयाला सवलत धरून एकशे वीस. दोन हजार सातशे साठ रुपये. आमच्या खात्यात तेवढे नव्हते. मुंबईला त्या चाकरमान्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आईच्या नावाचं पुस्तक मिळत नाही म्हणजे काय?" दुसऱ्या दिवशी पैसे आले. आता ठरलं आहे की लेखकाला पाच हजार, आणि तेवढीच रक्कम प्रतींसाठी वेगळी. निकाल कळवतानाच प्रकाशकाकडून प्रती राखून ठेवायच्या, मग जाहीर करायचं.

तेवीस प्रती आल्या तेव्हा परीक्षक मुलांनीच पट्ट्या चिकटवल्या, दाखल क्रमांक घातले. पाच प्रती इथे ठेवल्या. बाकी तीन शाळांत, दोन वाड्यांत आणि एक खाडीपलीकडच्या त्याच किराणा दुकानात ठेवलेल्या पेटीत गेल्या. दुकानातल्या प्रतीची पट्टी मी मागच्या महिन्यात बघितली. अकरा तारखा. शिक्का नाही तिथे, दुकानदार पेनाने लिहितो.

या वर्षीच्या नियमात मताची अट बदलली आहे. जितकी वाचली त्यांच्यापुरतं मत. प्रकाशकांकडून तीन प्रती मागितल्या, काहींनी दिल्या, काहींनी एकच पाठवली. अनुवाद घ्यायचे की नाही यावर समितीत अजून वाद चालू आहे आणि मी घ्यायच्या बाजूची आहे. गेल्या शनिवारी पहिली पार्सलं आली. तो दर्यावरचा मुलगा आता दहावीत आहे. रापणीवरून तसाच आला होता, पायाला वाळू लागलेली. कनवटीचा चाकू काढून त्याने दोऱ्या कापल्या, पुस्तकं एकेक उलटून पाठीमागची पानं बघितली आणि विचारलं, "बाई, ह्यातला दर्याचा खंयचा? ता माका पयला."